दक्षिण ट्रॅपमधील जलतापीय खनिजे : अभ्यासाचा इतिहास

शिलारस भूकवचात घुसून किंवा पृष्ठावर येऊन थिजत असताना, तसेच तो थिजल्यानंतरही दीर्घकाळ, सभोवतालच्या भेगांतून व पोकळ्यांतून उष्ण पाणी खेळत राहते. या पाण्यात मूळ खनिजांतील काही मूलद्रव्ये विरघळतात आणि अनुकूल तापमान मिळेल तेथे नव्या खनिजांच्या रूपाने साचतात. या प्रक्रियेस जलतापीय परिवर्तन म्हणतात. जगातील पुष्कळ धातुकांचे साठे या प्रक्रियेने तयार झालेले आहेत. महाराष्ट्रात मात्र तिचे सर्वांत ठळक फळ धातुके हे नसून दक्षिण ट्रॅप या बेसाल्टी खडकांच्या पोकळ्यांत वाढलेली झिओलाइटे व त्यांची सोबती खनिजे हे आहे. पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर, रायगड, ठाणे व मुंबई या जिल्ह्यांतील स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट व अ‍ॅपोफिलाइट यांचे स्फटिक जगातील बहुतेक मोठ्या संग्रहालयांत आहेत. ही खनिजे घडविणारे उष्ण पाणी कोठून आले आणि केव्हा आले, या प्रश्नाचा उलगडा होण्यास मात्र पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

भूवैज्ञानिक परिस्थिती : उल्हास नदीकाठचे बेलवली (बदलापूर, जि. ठाणे) हे या अभ्यासाच्या दृष्टीने सोयीच्या ठिकाणी वसलेले आहे. येथील सखल प्रदेश बेसाल्टाचा असून पूर्वेस सह्याद्रीचा कडा व दक्षिणेस सु. ८०० मी. उंचीचे माथेरान आहे. लाव्ह्याचे थर या डोंगरांच्या उतारांवर पायऱ्यांप्रमाणे दिसतात. ट्रॅप ही संज्ञा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आलेली आहे. लाव्ह्याच्या थरांच्या आधुनिक वर्गीकरणातील एका शैलसमूहास याच लोहमार्गावरील नेरळ गावाचे नाव दिलेले आहे. पश्चिमेस कल्याण-पनवेलकडे गेल्यावर सह्याद्रीत जवळजवळ आडवे असलेले थर समुद्राकडे झुकू लागतात. या वळणास पनवेल वळी म्हणतात. वळीच्या आसपास व मुरबाडच्या बाजूस लाव्ह्याचे थर उभे छेदून वर आलेल्या अंतर्वेशी भित्ती पुष्कळ आहेत. याच जिल्ह्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे गरम पाण्याचे झरे आजही वाहत आहेत. म्हणजे लाव्हा, त्यात घुसलेल्या भित्ती आणि उष्ण पाणी या तिन्ही गोष्टी येथे एका दिवसाच्या प्रवासात पाहावयास मिळतात.

परिवर्तनाचे स्वरूप : दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टात वजनी सु. ४८ ते ५० टक्के सिलिका, सु. १० टक्के चुना व त्याहून अधिक अ‍ॅल्युमिना असते. पोटॅशाचे प्रमाण बहुधा एक टक्क्याहूनही कमी असते. लाव्हा वाहत असताना त्यातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर जातात व थिजताना थराच्या माथ्याजवळ अडकून पडतात. त्यामुळे प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, तर वरचा भाग पोकळ्यांनी भरलेला असतो. या पोकळ्या नंतर पांढऱ्या खनिजांनी भरल्या म्हणजे त्या खडकास कुहरी बेसाल्ट म्हणतात. विहिरी खणणारे लोक अशा जांभळट, ठिपकेदार खडकास मांजऱ्या म्हणतात. त्यातील पोकळ्या खनिजांनी बुजलेल्या असल्याने ताज्या स्थितीत त्यास पाणी कमीच लागते, हे त्यांना भूविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाआधीपासून ठाऊक आहे.

पाण्याचा पहिला आघात ज्वालामुखी काच व ऑलिव्हीन यांवर होतो. काच अस्थिर असल्याने ती लवकर कुजते व तिच्यापासून हिरवट किंवा काळसर मृत्तिका खनिजे बनतात. पोकळीच्या भिंतीवर दिसणारा हिरवा पापुद्रा बहुधा यांचाच असतो. त्यानंतर प्लॅजिओक्लेज फेल्स्पारातील कॅल्शियम, सोडियम, अ‍ॅल्युमिनियम व सिलिका पाण्यात उतरतात. हीच मूलद्रव्ये पाण्याच्या रेणूंसह पुन्हा एकत्र येऊन झिओलाइटे तयार होतात. झिओलाइटाची चौकट अशी असते की, तीमधील पाणी तापविल्यावर निघून जाते पण चौकट कोसळत नाही. १७५६ मध्ये स्वीडिश खनिजवैज्ञानिक क्रॉन्स्टेट यांना फुंकनळीच्या ज्योतीत हे खनिज उकळल्यासारखे दिसले, म्हणून त्यांनी उकळणारा दगड या अर्थाचे हे नाव दिले. पोकळीत उरलेल्या सिलिकेपासून अकीक व क्वॉर्ट्‌झ आणि उरलेल्या चुन्यापासून कॅल्साइट तयार होते.

यातील काही खनिजे हिशेबात सहज बसत नाहीत. अ‍ॅपोफिलाइटास कॅल्शियम व सिलिका यांच्याबरोबर पोटॅशियम आणि फ्ल्युओरीन लागते व बेसाल्टात ही दोन्ही तुटपुंजी असतात. तरीही ओंजळीत मावणार नाहीत एवढे अ‍ॅपोफिलाइटाचे स्फटिक महाराष्ट्रात सापडतात. यावरून एका पोकळीसाठी पाण्याने केवढा मोठा खडक धुऊन काढला असेल, याची कल्पना येते. पुण्याजवळील हिरव्या अ‍ॅपोफिलाइटाचा रंग व्हॅनेडियमामुळे आलेला आहे, असे रॉसमन यांनी १९७४ मध्ये वर्णपटाच्या साहाय्याने दाखविले. व्हॅनेडियम हे बेसाल्टातील लोह-टिटॅनियमयुक्त ऑक्साइडांत व पायरोक्सिनात अल्पांशाने असते. वाघोली येथील खाणीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस सापडलेले निळे कॅव्हान्साइट हे कॅल्शियम व व्हॅनेडियम यांचेच सिलिकेट होय. त्याचे मूळ वर्णन १९७३ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील नमुन्यांवरून झाले होते, परंतु सर्वोत्कृष्ट स्फटिक वाघोलीचेच मानले जातात.

आरंभीची निरीक्षणे : विल्यम हेन्री साइक्स हे १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारचे सांख्यिकी वृत्तलेखक होते. त्यांनी १८३३ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे दख्खनच्या भूविज्ञानावर निबंध वाचला व त्यात तेथील ट्रॅप खडक व झिओलाइटे यांचा उल्लेख केला. त्याआधीच, १८३१ मध्ये, हेन्री जेम्स ब्रुक यांनी पुण्याहून आलेल्या एका तंतुमय झिओलाइटास पूनालाइट असे नवे नाव दिले होते. ह्यूलँडाइट हे स्टिल्बाइटाहून वेगळे असल्याचे १८२२ मध्ये दाखविणारे ब्रुक ते हेच. पुढे पूनालाइट म्हणजे पूर्वीच ज्ञात असलेले मेसोलाइटच असल्याचे ठरले व ते नाव मागे पडले. एका अर्थी या विषयाची पुढील अडचण त्या नावातच दिसते. नमुना पुण्याचा एवढेच युरोपात कळले. तो कोणत्या टेकडीतील, कोणत्या थरातील व थराच्या कोणत्या भागातील, हे कळले नाही.

त्या वेळी युरोपात बेसाल्टाच्या उत्पत्तीचा वाद नुकताच मिटला होता. बेसाल्ट पाण्यातून साचला, असे व्हेर्नर यांचे अनुयायी म्हणत, तर हटन यांचे अनुयायी त्यास अग्निज मानत. अग्निज मताचा जय झाला. परंतु पोकळ्यांतील पाणीदार खनिजे ही त्या मतास थोडी अडचणीचीच होती. ती लाव्ह्यातील स्वतःच्याच वाफेतून, थर थिजता थिजता तयार झाली असावीत, असे मानून बहुतेकांनी प्रश्न मिटविला. हे मत नंतर शंभर वर्षे टिकले, ते पुराव्यापेक्षा सवयीमुळे अधिक, असे म्हणावे लागेल.

बोरघाट व प्लाँब्येअर : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५६ मध्ये कल्याणवरून आजच्या बदलापूर-नेरळच्या बाजूने घाटाच्या पायथ्यापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी बोरघाटाच्या चढणीचे काम सुरू होऊन ती २१ एप्रिल १८६३ रोजी खुली झाली. सु. २५ किमी. लांबीच्या या चढणीत २५ बोगदे खोदावे लागले. काम भरात असताना तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर होते व साथींत त्यांपैकी पुष्कळ दगावले. सह्याद्रीच्या कड्याचा एवढा सलग छेद पूर्वी कधीच घेतला गेला नव्हता. सुरुंगाने फुटणाऱ्या दगडांतून स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट व स्कोलेसाइट यांचे झुबके बाहेर पडले. ते प्रथम पाहिले ते या मजुरांनी. संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर त्यांची नावे नाहीत. बोरघाट, खंडाळा, पूना अशा नावांनी हे नमुने युरोपभर गेले. त्यांतील लोमोंटाइटासारखी खनिजे कोरड्या हवेत पाणी गमावून भुगा होतात. त्यामुळे छेदांत आरंभी दिसलेल्या पुष्कळ शिरा नंतरच्या निरीक्षकांस पांढऱ्या पुडीच्या रूपातच पाहावयास मिळाल्या.

याच सुमारास, १८५७-५८ मध्ये, फ्रेंच भूवैज्ञानिक दोब्रे यांना व्होझ पर्वतातील प्लाँब्येअर येथे एक विलक्षण पुरावा मिळाला. तेथील सु. ७०° से. तापमानाच्या झऱ्यांभोवती रोमन लोकांनी केलेल्या चुनेगच्ची बांधकामात व विटांच्या पोकळ्यांत शाबाझाइट, अ‍ॅपोफिलाइट इ. खनिजे वाढलेली होती. ना लाव्हा, ना शिलारस. केवळ कोमट ते गरम पाणी, चुना-सिलिकेचा पदार्थ आणि काही शतके एवढ्यावर झिओलाइट तयार होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. बोरघाटातील खनिजांची उत्पत्ती लावण्याची किल्ली त्याच दशकात उपलब्ध झाली होती. ती येथील कुलपास लावण्यास मात्र विलंब झाला.

सर्वेक्षणाचा काळ : ब्लॅनफर्ड यांनी १८६७ मध्ये पश्चिम व मध्य भारतातील ट्रॅपवर विस्तृत लेखन केले. त्यांचा भर थरांचा विस्तार, आंतरट्रॅपी अवसाद व वय यांवर होता. खनिजांची स्थाने थरांच्या संदर्भात नोंदण्याची पहिली चांगली संधी भुसावळ येथे कोळशाच्या शोधासाठी घेतलेल्या १,२१७ फुटांच्या वेधनाने दिली. त्यात कोळसा लागला नाही, पण लाव्ह्याचे २९ थर लागले. फर्मोर यांनी १९२५ मध्ये त्यांचे वर्णन केले. वेधनातील गाभ्याचा गुण असा की, प्रत्येक खनिज कोणत्या खोलीवरचे हे निश्चित असते. त्याच सुमारास क्रिस्टी यांनी मुंबईतील जायरोलाइट व ओकेनाइट या चुनायुक्त सिलिकेटांचे वर्णन प्रसिद्ध केले.

भित्तींचा प्रश्न ऑडेन यांनी १९४९ मध्ये पुढे आणला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील हे भूवैज्ञानिक म्हणजे इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे बंधू. पश्चिम भारतातील भित्तींचे समूह व पनवेल वळी यांचा परस्परसंबंध त्यांनी दाखविला. भित्ती म्हणजे उष्णतेचा आयता पुरवठा. तेव्हा तिच्याभोवतीच खनिजे फोफावली असावीत, असा तर्क साहजिक आहे. परंतु दहा मीटर जाडीची भित्ती काही वर्षांत ते काही दशकांत थंड होते व तिचा भाजका पट्टाही अरुंद असतो. शेकडो किलोमीटर पसरलेल्या खनिजांचा उलगडा सुट्या भित्तींनी होत नाही. भित्तींचा दाट समूह असेल तेथे मात्र सबंध परिसराचे तापमान वाढते आणि भित्तीच्या कडेच्या भेगा पाण्याच्या वाटा होतात.

वॉकर यांचे पट्टे : निर्णायक वळण आइसलँडमध्ये मिळाले. जॉर्ज वॉकर यांनी १९६० मध्ये पूर्व आइसलँडच्या बेसाल्टातील झिओलाइटांचे नकाशे प्रसिद्ध केले. विशिष्ट खनिजांचे पट्टे लाव्ह्याच्या थरांना समांतर नसून त्यांना तिरके छेदतात व जुन्या भूपृष्ठाला समांतर जातात, असे त्यांस आढळले. लाव्हा आपल्याच वाफेने पोकळ्या भरत असता, तर प्रत्येक थर आपापले खनिज घेऊन थिजला असता. पट्टे थरांना छेदतात, याचा अर्थ थरांची रास पूर्ण झाल्यावर व ती गाडली गेल्यावर खनिजे वाढली. जेथे भित्तींची दाटी, तेथे उष्ण पट्टे वर सरकलेले होते. पुढे आइसलँडमधील भूऔष्णिक वेधनांत प्रत्यक्ष तापमान मोजता आले : मेसोलाइट व स्कोलेसाइट सु. ७० ते ९०° से., स्टिल्बाइट सु. ९० ते ११०° से. आणि लोमोंटाइट त्याहून वर. अशा रीतीने झिओलाइट हे खडकात ठेवलेल्या तापमापकाप्रमाणे वाचता येऊ लागले. १९७१ मध्ये टेलर व फॉरेस्टर यांनी स्कॉटलंडमधील स्काय, मल इ. ठिकाणच्या अंतर्वेशी खडकांतील ऑक्सिजनाच्या समस्थानिकांवरून दाखविले की, अंतर्वेशांभोवती फिरणारे पाणी मुख्यतः पावसाचेच होते. शिलारसाने पाणी पुरविले नाही. त्याने ते तापवून फिरविले.

महाराष्ट्रातील उपयोजन : मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातील आर. एन. सुखेश्वाला यांनी पोल्डरव्हार्ट यांच्याबरोबर १९५८ मध्ये मुंबई परिसरातील बेसाल्टांचे विवेचन केले होते. १९७४ मध्ये त्यांनी मुंबईच्या थोलीआइटी बेसाल्टाचे क्रमाक्रमाने स्पिलाइटात रूपांतर कसे होते, हे दाखविले. या रूपांतरात चुनायुक्त फेल्स्पाराची जागा सोडियमयुक्त अल्बाइट घेते आणि सुटलेला चुना भेगांतील खनिजांत जातो. त्याच वर्षी अवासिया व गंगोपाध्याय यांच्यासह त्यांनी पश्चिम भारतातील झिओलाइटांवर निबंध प्रसिद्ध केला. सुट्या सुंदर नमुन्यांऐवजी कोणत्या भागात कोणती खनिजे एकत्र आढळतात, हे त्यांनी पाहिले. नमुन्याच्या वर्णनाकडून त्याच्या स्थानाकडे वळलेला महाराष्ट्रातील हा पहिला मोठा प्रयत्न होय.

मुंबईच्या उपनगरांतील खाणींतून मिळालेला एक पुरावा विशेष बोलका आहे. मालाड येथे प्रेहनाइटाचे बोटांसारखे पोकळ हिरवट आकार सापडतात. लोमोंटाइटाच्या लांबट स्फटिकांवर प्रेहनाइटाचा लेप बसला व नंतर आतील लोमोंटाइट विरघळून गेले, म्हणून ते पोकळ राहिले. प्रेहनाइट सामान्यतः लोमोंटाइटापेक्षा अधिक तापमानास तयार होते. म्हणजे कमी तापमानाचे खनिज आधी व अधिक तापमानाचे नंतर, असा हा उलटा क्रम आहे. केवळ थंड होत जाणाऱ्या खडकात तो संभवत नाही. तेथील पाणी पुन्हा तापले, किंवा निदान त्याचे संघटन तरी बदलले. मुंबई परिसरात अंतर्वेशी खडक विपुल आहेत, हे लक्षात घेता पहिली शक्यता अधिक सयुक्तिक वाटते.

केव्हा, या प्रश्नाचे उत्तर सर्वांत शेवटी आले. दक्षिण ट्रॅपचा लाव्हा सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी, बहुतांशी दहा लाख वर्षांहून कमी कालावधीत बाहेर पडला, हे अलीकडील कालनिर्णयांनी ठरले आहे. २०१९ मध्ये ओटेन्स, ग्योट्से व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील अ‍ॅपोफिलाइटांची वये रुबिडियम-स्ट्राँशियम पद्धतीने काढली. ती लाव्ह्याहून पुष्कळ कमी भरली. काही स्फटिक तर लाव्हा थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी वाढलेले आहेत. खनिजनिर्मिती एकदा नव्हे, तर टप्प्याटप्प्यांनी झाली, हेही त्यांनी दाखविले. पंधरा-वीस मीटर जाडीचा लाव्ह्याचा थर काही दशकांत थंड होतो. एवढ्या उशिराच्या खनिजांस त्याची स्वतःची वाफ कारण असूच शकत नाही.

अजूनही वाहणारे पाणी : पश्चिम किनाऱ्यालगत उत्तरेस पालघर जिल्ह्यातील सातिवलीपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत गरम झऱ्यांची रांग आहे. कोकणात यांस उन्हाळे म्हणतात. उन्हेरे, उन्हवरे ही गावांची नावेही त्यावरूनच पडलेली दिसतात. त्यांच्या पाण्याचे तापमान सु. ४० ते ७०° से. असून पुष्कळ झऱ्यांत सोडियम, कॅल्शियम व क्लोराइड यांचे प्रमाण अधिक असते. समस्थानिकांवरून हे पाणी मूलतः पावसाचे असून खोल भेगांतून जाऊन परत येते, असे दिसते. दख्खनचे ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी विझले असल्याने त्यास तापविणारा शिलारस नाही. भूकवचातील खोलीबरोबर वाढणारी उष्णताच त्यास पुरते. प्लाँब्येअरचे झरे ज्या तापमानास रोमन चुन्यातून झिओलाइट घडवीत होते, ते तापमान वज्रेश्वरीच्या भेगांत खोलवर अशक्य नाही.

या अभ्यासास लागणारा पुरावा मात्र झपाट्याने नाहीसा होत आहे. मुंबई व पुणे यांच्या वाढत्या बांधकामास खडी पुरविणाऱ्या दगडखाणींनीच उत्तम नमुने उघडे केले व त्यांनीच त्यांचे स्थान मिटविले. खाणीतून निघालेला स्फटिक हातोहात विकला जातो व दोन-तीन व्यवहारांनंतर त्यावर जिल्ह्याचे नावही उरत नाही. सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयासारख्या संस्थांमुळे काही उत्कृष्ट नमुने राज्यात राहिले, ही समाधानाची बाब आहे. तथापि पट्ट्यांच्या अभ्यासास देखण्या स्फटिकापेक्षा जागेची नोंद असलेला ओबडधोबड तुकडा अधिक उपयोगी पडतो. या दृष्टीने कोयना परिसरात २०११ नंतर भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेली वेधने महत्त्वाची आहेत. त्यांपैकी पहिले १,५२२ मी. खोल असून त्यात वरचे ९३२·५ मी. बेसाल्ट लागले व त्याखाली थेट ग्रॅनाइटी पाया. बेलवली, नेरळ व माथेरान या सह्याद्रीच्या पायथ्याच्या पट्ट्यात, भित्तींच्या दाटीजवळ, असे गाभे मिळाल्यास वॉकर यांनी आइसलँडमध्ये आखलेल्या पट्ट्यांची येथील थरांशी खोलीवार तुलना करता येईल.